क्विनोआचे धुवण

हिवाळा सरत आला असताना, एका सोमवारी सकाळी, हमरस्त्यालगतच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, ज्या स्वयंपाकघराला पूर्वेची एकच खिडकी आहे आणि ज्याच्या ओट्यापाशी एका वेळी एकच माणूस उभा राहू शकतो, तेथे या प्रकरणास प्रारंभ झाला. त्या सकाळी औषधांच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी क्विनोआ नावाचे धान्य आयुष्यात प्रथमच हातात घेतले.

कारखान्यात त्यांना सगळे पारखी म्हणत. खोकल्याचे, तापाचे, पोटदुखीचे जे पातळ औषध तेथे बाटल्यांत भरले जाई, त्याचा कडूपणा लहान मुलाच्या जिभेला सोसवेल इतका झाकला गेला आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा होता. तपासणीच्या दिवशी ते चहा घेत नसत, कांदा खात नसत, दातांना नुसते मीठ लावत. कोमट पाण्याने चूळ भरायची, थेंब जिभेच्या मुळाशी धरायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा: ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’. याहून निराळा निकाल त्यांनी कधी दिला नाही आणि त्यांनी दिलेला निकाल कोणी कधी फिरवला नाही.

हा अधिकार कारखान्याच्या फाटकाशी उतरवून घरी यावे, असे त्यांना कधी वाटले नाही. घरात अशी रीत पडली होती की पहिला घास पारखींनी घ्यायचा, निकाल द्यायचा आणि मग इतरांनी जेवायचे. ‘मीठ अर्धा कण जास्त’ हा त्यांचा आवडता निकाल. मिठाचा कण अर्धा कसा मोजतात, हे त्यांच्या पत्नीने लग्नानंतर एकदाच विचारले होते. उत्तरादाखल जे व्याख्यान झाले, ते संपेपर्यंत अन्न निवून गेले होते. सहकारी थट्टेने म्हणत, पारखींकडे जेवायला बसणे म्हणजे परीक्षेला बसणे, आणि वहिनी बिचाऱ्या दोन्ही वेळेला नापास.

या वहिनींना इमारतीत सगळे काकू म्हणत. आपणही तेच म्हणू.

आता जी गोष्ट सांगायची ती पारखींनी कोणालाच सांगितली नव्हती. मागच्या वर्षी त्यांना मोठा ताप आला आणि तो उतरला त्या सकाळी चहा गरम पाण्यासारखा लागला. दुपारी लिंबू तसेच लागले, रात्री लोणचेही. तापाने तोंड जाते, म्हणजे चव कळेनाशी होते, आणि परत येते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी वाट पाहिली. तोंड परत आले नाही. ज्याच्या गळ्याला मान होता त्या गवयाचा आवाज बसावा आणि त्याने ओठ हलवत मैफल चालू ठेवावी, तसे पारखी निकाल देत राहिले: एक दिवस मीठ जास्त, एक दिवस कमी, एक दिवस बरोबर. बंद पडलेल्या घड्याळाप्रमाणे त्यांचाही निकाल मधूनमधून खरा ठरत असे, आणि तेवढ्यावर निभावत होते.

मग काकू न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि त्या खिडकीजवळच्या पलंगावर पडल्या. गहू त्यांना पूर्वीपासूनच सोसत नसे. आता भातानेही पोट फुगू लागले. वजन झरझर उतरले. डॉक्टरांनी सांगितले, हाड भरून यायचे तर अंगात प्रथिने गेली पाहिजेत. क्विनोआ द्या, पचायला हलका आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करण्याचे काम करते. आग, पूर, फुटलेले नळ, खचलेल्या भिंती. आईला आपल्याकडे न्यावे, असे तिचे म्हणणे होते. पारखींचे म्हणणे होते की नवरा धडधाकट असताना बायकोने लेकीच्या घरी पडून राहावे, ही गोष्ट ना शास्त्राला धरून आहे ना व्यवहाराला. फोनवर बरीच हुज्जत झाली. शेवटी ठरले ते असे: परिचारिका दर सोमवारी येऊन वजन घेईल, महिन्याभरात ते सावरले तर आई इथेच राहील, उतरत गेले तर मुलगी येऊन घेऊन जाईल. काकूंना कोणी विचारले नाही.

अशा रीतीने पारखी ओट्यापाशी उभे राहिले. ज्यांनी जन्मभर इतरांच्या रांधण्याचे निकाल दिले त्यांच्यावर स्वतः रांधण्याची पाळी आली होती, आणि पणाला काय लागले आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. काकू लेकीकडे गेल्या तर या घरात निकाल ऐकायलाही कोणी उरणार नव्हते.

पाकिटावर छापले होते: ‘शिजवण्यापूर्वी स्वच्छ धुवावे.’ पारखींनी हे वाक्य दोनदा वाचले आणि त्याच्याशी वाद मांडला. स्वच्छ धुवावे, म्हणजे माती, खडे, धूळ जावी म्हणून. दाणे मोहरीहून किंचित मोठे, फिकट, एकसारखे. चष्मा पुसून पाहिले तरी खडा दिसेना. जे मुळात मळलेले नाही ते धुण्यात पाणी आणि वेळ यांखेरीज काय जाते? तरीही नियमाचा मान म्हणून त्यांनी वाटीभर दाणे पातेल्यात घेतले, पाणी ओतले आणि हाताने ढवळले.

पाण्यावर फेस आला. पांढरा, दाट, रेशमासारखा.

येथे पारखींची बुद्धी जागी झाली. अंड्याचा पांढरा बलक फेटला की फेसाळतो, त्यात प्रथिने. दूध घुसळले की फेसाळते; त्यात प्रथिने. डाळ उकळताना फेस वर येतो, डाळीत प्रथिने. मग या धान्याचा फेस दुसरे काय असणार? डॉक्टरांनी जे द्यायला सांगितले तेच पाकीट मोरीत ओतायला सांगत होते. साबणही फेसाळतो, हे उदाहरण त्यांच्या मालिकेत आले नाही. त्यांनी धुवण फेकले नाही. दाणे त्याच पाण्यात भिजत ठेवले, त्याच पाण्यात शिजवले. एकास दोन असे पाणी, मंद आच, वर झाकण; दाणा पारदर्शक होऊन त्याच्या कडेने शेपटीसारखा पांढरा कोंब सुटला तेव्हा गॅस बंद केला. गाजर आणि वाटाणे वाफवून त्यात घातले. दिसायला ते इतके नीटनेटके झाले की कारखान्यात असते तर त्याची बाटली भरली असती.

त्यांनी चमचाभर तोंडात घेतले, जिभेच्या मुळाशी धरले, डोळे मिटले. ऊन, मऊ, थोडे कुरकुरीत. याखेरीज जिभेने काहीही कळवले नाही.

“चालेल,” ते स्वतःशी म्हणाले आणि वाटी घेऊन पलंगाशी गेले.

काकूंनी पहिला घास घेतला. चेहरा आक्रसला, गिळताना मान पुढे आली.

“अहो, कडवट लागतंय.”

“कडवट?”

“घशात बसतंय कडू. तुम्ही धुतलंत ना?”

“अगं, तुझ्या औषधांनी जीभ बिघडलीय. या गोळ्यांचा गुण आहे तो. त्या घेणाऱ्याला खडीसाखरही कडू लागते. माझं आयुष्य गेलं यात.”

“मला पेजेचं पाणी कडू लागत नाही. दूध कडू लागत नाही.”

“जिभेचे निरनिराळे भाग असतात,” पारखींनी सांगायला सुरुवात केली. “कुठला भाग आधी बिघडतो...”

“तुम्ही चाखलंत?”

प्रश्न साधा होता. काकूंनी तो विचारला तेव्हा त्या वाटीकडे पाहत नव्हत्या, नवऱ्याकडे पाहत होत्या.

“चाखल्याशिवाय मी कुणाला काही दिलंय का आजवर? तुझी जीभ आजारी आहे, माझी नाही.”

काकूंनी आणखी एक घास घेतला आणि वाटी बाजूला ठेवली. त्यानंतर त्या क्विनोआच्या चवीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. दुपारी वाटी समोर आली की दोन घास घेत, “पुरे” म्हणत आणि खिडकीबाहेर पाहत. पारखी आर्जव करीत, रागावत, प्रथिनांचे महत्त्व सांगत. काकू ऐकून घेत. ऐकून घेण्याचा त्यांना सराव होता.

पुढच्या सोमवारी परिचारिका वजनकाटा घेऊन आली. गोल चेहऱ्याची, मोठ्या आवाजाची बाई; चार जिने चढून धापा टाकत ती पारखींना म्हणे, “काका, तुमच्या इमारतीला लिफ्ट बसेपर्यंत माझंच वजन उतरेल.” काकूंना आधार देऊन तिने काट्यावर उभे केले आणि तिची थट्टा आटली.

“काय देताय हो यांना?”

पारखींनी सविस्तर सांगितले. फेसाचा सिद्धांत मात्र त्यांनी आपल्यापाशी ठेवला; अर्धवट शिकलेल्या माणसांशी तत्त्वांची चर्चा करू नये, असे त्यांचे मत होते.

“देताय ते बरोबर आहे. पोटात जातंय का ते बघा. कमी झालंय वजन. आणि काका, चेहऱ्यावर एवढा अभ्यास घेऊन वाढू नका हो. पेशंट घाबरतो.”

तर्काचा एक दोष असा की पहिली पायरी चुकली तर पुढची प्रत्येक बरोबर पायरी माणसाला अधिक खोल नेते. वजन उतरले याचा अर्थ प्रथिने पुरी पडत नाहीत. प्रथिने पुरी पडत नाहीत याचा अर्थ ती दाण्यातून पुरती सुटत नाहीत. म्हणून पारखी दाणे अधिक वेळ भिजवू लागले, मुठीत घेऊन चोळू लागले आणि फेस जितका दाट येई तितके समाधान पावू लागले. ते दाट, पिवळसर पाणी थेंबही न सांडता पातेल्यात उतरे आणि आटून पुन्हा दाण्यात मुरे. दुधाची साय काढावी त्या निगुतीने ते कडूपणा काढत होते आणि ज्या माणसाला जगवायचे त्याच्याच वाटीत वाढत होते.

काकूंचे दोन घास एकावर आले. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

महिना भरला त्या सोमवारी मुलगी आली. तिने खांद्यावरची पिशवी दाराशी ठेवली, आईच्या कपाळावरून हात फिरवला आणि मग, धंद्याच्या सवयीप्रमाणे, काही न बोलता घरभर पाहत हिंडली. न्हाणीघरातली ओली फरशी, औषधांचा डबा, स्वयंपाकघर.

“आली की भेगा शोधते भिंतींत,” पारखी वजन घ्यायला आलेल्या परिचारिकेला म्हणाले.

“बाबा, भेगा शोधत नाही मी. त्या कशानं पडल्या, ते शोधते.”

परिचारिकेने काटा मांडला. आकडा पाहून ती एवढेच म्हणाली, “ताई, तुम्ही बोला डॉक्टरांशी,” आणि काटा पिशवीत घालून निघाली. जाताना तिने पारखींकडे पाहिले नाही.

पारखी स्वयंपाकघरात गेले, झाकण काढले, वाटी भरू लागले. जणू अजून एक वाटी पोटात गेली तर आकडा बदलेल. मुलगी मागोमाग आली. ओट्यापाशी दोघांना जागा नव्हती, म्हणून ती उंबऱ्यातच उभी राहिली आणि हात लांबवून पातेल्यातला चमचा उचलला.

घास तोंडात गेला आणि ती मोरीकडे धावली. थुंकली, चूळ भरली, पुन्हा भरली.

“बाबा, हे काय आहे?”

“क्विनोआ. डॉक्टरांनी सांगितलेला.”

“धुतला होतात?”

“धुतला.”

“पाणी कुठे टाकलंत?”

पारखींनी मान ताठ केली. लपवावे असे त्यांना त्यात काही दिसत नव्हते. त्यांनी अंडे, दूध, डाळ असा सिद्धांत क्रमाने मांडला. मुलीने तो शेवटपर्यंत ऐकला. मध्येच तिचा हात तोंडावर गेला.

“महिनाभर? रोज?”

“रोज.”

“आणि चाखलंत तुम्ही?”

“रोज चाखतो. मला तर... मला तर ठीक वाटलं. एखाद्या दिवशी थोडा उग्रपणा असतो. धान्याचा गुण आहे तो.”

मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली. मग वेगळ्याच, कोरड्या आवाजात तिने विचारले, “घरात बारीक जाळीची गाळणी आहे?”

“चहाची आहे.”

“ती नाही पुरणार. कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानातून मोठी आणा. दाणा खाली पडणार नाही अशी.”

“गाळणीनं काय व्हायचंय?”

“बाबा, आणा.”

पारखी चपला घालून खाली गेले. त्यांची पावले जिन्यात विरली तशी मुलगी पलंगाच्या कडेला बसली.

“आई, तो घास जनावराच्या तोंडातसुद्धा राहिला नसता. तू बोलली कशी नाहीस?”

“बोलले. पहिल्याच दिवशी बोलले.”

“मग?”

“माझी जीभ आजारी आहे म्हणाले.”

“आणि तू गप्प बसलीस?”

काकूंनी उशी सारखी केली. “त्यांची जीभ गेलीय गं. मागच्या तापातच गेली. मला तेव्हाच शंका आली होती. म्हणून एकदा आठवडाभर मी कशातच मीठ घातलं नाही. एक दिवस म्हणाले जास्त झालंय, एक दिवस म्हणाले कमी झालंय, आणि एके दिवशी म्हणाले, आज जमलंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जमलं ते मला. बिनमिठाचं.”

मुलीला हसू आले आणि ते मध्येच मोडले.

“मग तोंडावर सांगायचंस त्यांना.”

“सांगून काय? मी वाट बघत होते, तेच सांगतील. माणसाचं तोंड जातं, त्यात लाज कसली? मी रांधत होते तोवर मीही ऐकून घेतलं. पण माझ्या पोटाचा प्रश्न आला तेव्हा तरी म्हणतील वाटलं, की अगं, मला कळत नाही, तू सांगतेस ते खरं असेल.” त्या खिडकीकडे वळल्या. “तू आता काही बोलू नकोस. त्यांना एकदा संधी देऊ या. मला बघायचंय.”

पारखी गाळणी घेऊन आले. ती कुठे स्वस्त मिळते आणि दुकानदाराने कशी गळ्यात मारली, याबद्दल ते बोलत राहिले. मुलीने ते ऐकल्यासारखेही दाखवले नाही. तिने पाकिटातले नवे दाणे पातेल्यात घेतले, पाण्यात घोळवले, तळहातांत चोळले. फेस आला तसा तिने गाळणीतून मोरीत ओतला. पुन्हा पाणी, पुन्हा चोळणे, पुन्हा फेस. पारखी दारातून पाहत होते, आणि प्रत्येक वेळी पाणी मोरीत जाताना त्यांचा हात नकळत पुढे येत होता.

“दाण्यावर कडू थर असतो हा, साबणासारखा,” मुलगी म्हणाली. “पाखरांनी शेतात खाऊ नये म्हणून धान्यानं स्वतःच केलेली सोय. तो गेल्याशिवाय माणसानंही खायचा नाही.”

“पाखरांना कडू लागतं का, हे कुणी विचारलं त्यांना?”

“कुणी विचारलं नाही, बाबा. ती खात नाहीत, एवढं पुरेसं असतं.”

फेस विरत गेला. नितळ पाण्यात दाणे नुसते वाळूसारखे दिसू लागले. तिने ते निथळले, कोरड्या पातेल्यात जरा परतले, दुप्पट गरम पाणी घातले, उकळी येताच आच कमी करून झाकण ठेवले. पाणी आटल्यावर गॅस बंद केला, झाकण तसेच राहू दिले, मग जेवणाच्या काट्याने दाणे मोकळे केले. त्यात वाफवलेले गाजर घातले आणि चमचाभर तेल. बाकी काही नाही.

तीन वाट्या पलंगाशेजारच्या तिवईवर आल्या. काकू तक्क्याला टेकून बसल्या. महिन्याभरात प्रथमच त्यांनी वाटी आपणहून हातात घेतली, एक घास खाल्ला, सावकाश गिळला आणि चमचा वाटीत ठेवून थांबल्या. या घरात दुसरा घास निकालानंतर घेतला जातो.

“घ्या,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “सांगा, कसं झालंय.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर पारखी सावध झाले असते. त्यांनी चमचा उचलला, घास जिभेच्या मुळाशी धरला, डोळे मिटले. ऊन, मऊ, थोडे कुरकुरीत; कालच्यासारखेच, महिनाभरापूर्वीच्यासारखेच. खोलीत दोघी बायका त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या, हे डोळे मिटूनही त्यांना जाणवत होते. ‘मला कळत नाही’, एवढे म्हणायचे होते. हे शब्द ओठांपर्यंत आले की नाही हे सांगता येत नाही. पण घास गिळायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला. मग त्यांनी डोळे उघडले, मुलीच्या हातातली वाटी पाहिली, नव्या गाळणीकडे पाहिले आणि जन्मभराची सवय त्यांच्या मदतीला धावून आली.

“चालेल. मीठ मात्र अर्धा कण जास्त.”

मुलीने मान खाली घातली. “मी मीठ घातलंच नाही, बाबा.”

खालच्या रस्त्यावर कुठलेसे वाहन मागे घेत होते. त्याची पिपाणी बराच वेळ वाजत राहिली. पारखींनी काही सांगण्यासाठी तोंड उघडले. तर्क नक्की सुचला असावा, कारण त्यांचे बोट वर झाले होते. पण ते बोट तसेच राहिले.

काकूंनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. कोणाच्या निकालाची वाट न पाहता, घाई न करता, त्यांनी वाटी तळापर्यंत संपवली, चमच्याने कडेचे चार दाणेही गोळा केले आणि रिकामी वाटी मुलीच्या हातात दिली.

“कपाटातली माझी राखाडी शाल काढ,” त्या म्हणाल्या. “मी तुझ्याकडे येते.”